इंजिन काहून ठसकते

मी स्वभावानं संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. भाजीवालीनं भेंडी दिली की एकेकीचं शेपूट मोडून पाहतो. पेटीला कुलूप लावलं की दोनदा ओढतो, आणि कोणी माझ्याशी फार गोड बोललं तर तिसऱ्यांदा ओढतो. घरची म्हणायची, "तुमाले देवानं हातात प्रसाद देला तरी तुमी हुंगूनच खासान." ती थट्टेनं म्हणायची, पण खोटं नव्हतं. या स्वभावानं माझं भलंही पुष्कळ झालं, त्यामुळे तो सुटावा असं मला कधी वाटलं नाही. एकदा मात्र वाटलं. ते इथे लिहून ठेवतो.

लढाईचे दिवस होते. लढाई दूर देशात. आमच्या अकोल्याकडच्या मालेगावात तिचं दर्शन एवढंच की घासलेट, कापड, साखर सगळं कंट्रोलात गेलं होतं. शेती थोरला भाऊ पाहत होता आणि मला शेतीत रस नव्हता, म्हणून मी बाजाराच्या कडेला पिठाची चक्की टाकली होती. इंजिन जुनंच, अकोल्याच्या एका जिनिंगनं, म्हणजे कापसाच्या कारखान्यानं, काढून टाकलेलं. एकाच सिलिंडरचं, डिझेलवर चालणारं, आणि त्याचं लोखंडी चाक माझ्या छातीला लागेल एवढं. डिझेलला आमच्याकडे काळं तेल म्हणत. ते पिपातून यायचं, परवान्यावर मिळायचं, आणि दोन पिपांच्या मध्ये किती दिवस जातील ते कोणालाच ठाऊक नसायचं.

इंजिनाबरोबर मिस्त्री आला. म्हणजे तो मालेगावचाच, मुसलमान मोहल्ल्यातला, पन्नाशीचा. पण जन्म गेलेला जिनिंगच्या इंजिनांत. उंच, वाकलेला, बोलायला कमी. त्याच्याकडे बाभळीची एक गुळगुळीत काठी होती. तिचं एक टोक इंजिनाच्या अंगाला टेकवायचं, दुसरं कानाशी धरायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. लोकांना वाटे हा झोपला. दोन मिनिटांनी डोळे उघडून तो म्हणे, "खालचा बुश हलून राह्यला," आणि खोललं की बुशच हललेला असायचा. मी त्याला 'मिस्त्री, तुमी' म्हणत असे आणि तो मला 'भाऊ'. पहिली दोन वर्षं मला त्याच्यावर संशय घ्यायला काही सापडलं नाही. आता वाटतं, त्याचीच मला रुखरुख लागली असावी.

चक्कीचा धंदा आवाजावर चालतो, हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. बाया दळण डोक्यावर घेऊन कोस-दोन कोस चालत येतात. चक्की बंद असेल तर तो भार घेऊन परत जाणं म्हणजे जिवावरचं. म्हणून इंजिनाची धुराची नळी छपराच्या वर काढून तिच्या तोंडावर टिनाचा डबा बसवायचा. इंजिनाच्या दर ठोक्याला डबा 'पुक्' करतो, आणि 'पुक् पुक्' शिवारभर ऐकू जातं. बायांनी तो ऐकला की पाट्या भरायच्या. बाजाराच्या दिवशी किन्हीराजा गावाकडून गाड्या येत, त्या वेशीशी आल्या की कान देत. ज्या चक्कीचा आवाज ठणठणीत, तिकडे बैल वळवत. आवाज दमदार म्हणजे इंजिन दमदार, दळण बारीक आणि लवकर, असा हिशेब होता.

बाजाराच्या पलीकडच्या टोकाला एका किराणावाल्याची चक्की होती. त्या वर्षी दसऱ्यानंतर त्यानं नळीवर डब्याच्या जागी बूड कापलेला पितळी लोटा बसवला. आणि काय सांगू, त्या लोट्याचा आवाज देवळातल्या घंटेसारखा घुमायला लागला. पहिल्याच बाजाराला किन्हीराजाच्या निम्म्या गाड्या तिकडे वळलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या. मला राग आला. रात्री जेवण गेलं नाही.

दोन दिवसांनी मानोऱ्याकडचा एक टिनवाला डबे झाळत झाळत गावात आला. मी त्याला गाठलं. त्यानं डोकं चालवलं आणि सांगितलं की डब्याच्या आत, नळीच्या तोंडाशीच एक चकती ठोकली, आणि चकतीला मधोमध भोक ठेवलं, तर आवाज तिखट होईल. लढाईत सरकारनं भोकाचा पैसा काढला होता, तशीच दिसणारी पण तळहाताएवढी चकती त्यानं कापली. काम शुक्रवारी दुपारी उरकलं. मिस्त्री शुक्रवारी नमाजाला जाई आणि तेवढा वेळ चक्की बंद असे. तीच वेळ मी मुद्दाम निवडली. कारण त्याच आठवड्यात मी मिस्त्रीला किराणावाल्याच्या ओट्यावर चहा पिताना पाहिलं होतं. म्हटलं, याला कळलं तर उद्या त्या लोट्यातही चकती बसेल.

मिस्त्री परत आला. आम्ही दोघांनी हँडल मारून चाक फिरवलं, त्यानं वॉलची, म्हणजे झडपेची, दांडी सोडली, इंजिनानं ठोका दिला, आणि वरून 'टूक्' असा आवाज निघाला की पिंपळावरची पाखरं उडाली. मी मनात खूश झालो. मिस्त्रीनं मान वर केली.

"आवाज बदलला, भाऊ. वर काही केलं काय?"

"नाही," मी म्हटलं. "थंडी पडली ना. थंडीत आवाज दूर जाते."

तो थोडा वेळ छपराकडे पाहत राहिला. मग "असन," म्हणाला आणि पट्ट्याला राळ लावायला वळला.

पुढच्या बाजाराला गाड्या परत आमच्याकडे आल्या. त्याच्या पुढच्यालाही आल्या. पण त्या दोन बाजारांच्या मध्येच कधीतरी इंजिन ठसकायला लागलं. नुसतं मोकळं फिरवलं तर बरं चाले. जातं खाली सोडून ज्वारी आत पडायला लागली, म्हणजे इंजिनावर भार आला, की दहा ठोके नीट, अकरावा रिकामाच जाई, मग दोन ठोके एकदम, आणि सगळी चक्की पायांखालून हादरे. धूर काळाकुट्ट निघे. इंजिन गार ठेवायच्या टाकीत हात घालवेना इतकं पाणी तापे. रोज थोडं थोडं जास्त. वाचणाऱ्याला आता सगळं स्वच्छ दिसत असेल. मला दिसत नव्हतं. चकती मी आवाजासाठी बसवली होती आणि आवाज तर छान येत होता. बिघाड इंजिनात होता, छपरावर नव्हता, असं माझं डोकं चालत होतं. आणि खरं सांगायचं तर मला बिघाडापेक्षा बिघडवणारा शोधायची घाई होती.

मिस्त्रीनं कामाला सुरुवात केली. तेल फवारणारं नोझल काढून धुतलं, परत बसवलं. ठसका गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं हात पुसत विचारलं, "भाऊ, नळीले कोनी हात लावला काय? धूर कोंडल्यासारका वाटते."

"कोन लावन? वर कावळे बसतात, दुसरं कोन हाय!"

तो हसला. हसला याचाही मी अर्थ लावला.

मी रोज रात्री चक्कीला कुलूप घालण्याआधी तेलाच्या पिपात काठी बुडवून पाहायला लागलो. काठीवर चाकूनं खुणा केल्या. तेल पूर्वीपेक्षा भराभर खाली जात होतं! दळण तेवढंच, उलट कमीच, आणि तेल मात्र दीडपट. मग मी पिपाच्या झाकणाला काळा धागा बांधला, असा की कोणी उघडलं तर तुटावा. धागा सकाळी शाबूत असे आणि तेल तरी जास्त लागे. म्हणजे चोरी दिवसा, माझ्यादेखत होते, असं मी ठरवलं. मिस्त्री घरी जायला निघाला की मी काहीतरी निमित्त काढून जवळ जाई आणि त्याच्या धोतराचा, पिशवीचा वास घेई. काळ्या तेलाचाच वास येई. इंजिनवाल्याच्या अंगाला अत्तराचा वास कुठून येणार, हे मला सुचलं नाही.

एका संध्याकाळी मी त्याच्या मागं मागं गेलो. तो सरळ किराणावाल्याच्या चक्कीत शिरला. मी समोरच्या बैलगाडीआड उभा राहिलो. तो त्यांच्या इंजिनापाशी वाकून काहीतरी करत होता, किराणावाला कंदील धरून उभा होता. निघताना किराणावाल्यानं त्याच्या हातात फडक्यात बांधलेली एक लहानशी वस्तू दिली आणि ती मिस्त्रीनं खिशात घातली. झालं! माझ्या मनातला खटला तिथेच निकाली निघाला. माझं तेल तिकडे जातं, माझं इंजिन मुद्दाम ठसकतं, आणि त्याची बिदागी फडक्यात बांधून मिळते. घरी येऊन मी घरचीला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"तुमी त्या मानसाले इचारलं काय?"

"चोराले इचारतात काय?"

"मंग कोनाले इचारतात?" ती म्हणाली. मी तिच्यावरही चिडलो.

त्या आठवड्यात मिस्त्रीनं तिसऱ्यांदा विचारलं. इंजिन चालू होतं, तो मागच्या भिंतीशी धुराच्या नळीवर हात फिरवून बघत होता. "भाऊ, एक खेप सांगा. वर काही बसवलं तर नाही ना? तसं असन तर मी शिडी लावतो."

मला वाटलं, याला किराणावाल्यानं पाठवलंय. आवाजाचं गुपित काढायला. मी म्हटलं, "नाही म्हनलं ना एकडाव! इंजिन खाली हाय, तुमी वर काय पाहता?"

"ठीक हाय," तो म्हणाला. शिडी त्यानं लावली नाही.

मग तो बाजार आला. किन्हीराजाच्या सहा गाड्या दारात, बाया पाट्या मांडून रांगेत, आणि इंजिन चौथ्या पाटीला जे बसलं ते उठेना. तीनदा हँडल मारलं. तीनदा चालू झालं आणि जातं टेकताच कोंबडीनं माती उडवावी तसा काळा धूर टाकून बंद पडलं. पलीकडून त्या पितळी लोट्याचा आवाज मजेत येत होता. एका म्हाताऱ्या बाईनं पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "चाला वं, तिकडं जाऊ. इथं दिवस बुडन." तिच्यामागं आणखी दोघी उठल्या. माझं डोकं फिरलं.

"मिस्त्री!" मी ओरडलो. इंजिन बंद होतं, त्यामुळे माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "तेल कुठी गेलं माहं, सांग! तू माहं तेल विकून राह्यला अन् तेलाच्या टाकीत पानी घालून राह्यला. मले काय समजत नाही?"

दोन वर्षांत मी त्याला पहिल्यांदा 'तू' म्हटलं. ते माझ्या कानालाही लागलं, पण थांबता आलं नाही. "त्याच्या घरी जाऊन काय घेऊन आला? खिशात काय हाय तुह्या?"

रांगेतली कोणी हलेना. परत निघालेली म्हातारी डोक्यावर पाटी तशीच धरून वळली. "माय वं," ती म्हणाली, "चोर हाय व्हय हा?"

मिस्त्रीचा चेहरा पांढरा झाला होता. तो माझ्याजवळ आला आणि अगदी हळू बोलला. "भाऊ, असं चार लोकाईत म्हनू नका. लोक माह्या हातात चाव्या देतात, पिंप उघडे टाकून घरी जातात. एकडाव चोर म्हनलं का मंग मले इंजिनापाशी कोनी उभं करनार नाही. मले दुसरं काही येत नाही."

त्यानं खिशातून ते फडकं काढून माझ्या हातावर ठेवलं. आत एक नोझल होतं. "त्याईचं हाय. आपलं खराब असन म्हनून लावून पाहासाठी मांगून आनलं. त्याईचा पंप नीट करून देला तवा देलं त्याईनं. उद्या सकाळी या. सगळं खोलून दाखवतो, लोकाईसमोर. नाही सापडलं, त मी चोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी चक्कीत वीसेक माणसं जमली. बाया नव्हत्या, बाजार झालेला, त्या गावोगाव पांगल्या होत्या आणि कालची गोष्ट बरोबर घेऊन गेल्या होत्या. आले होते ते रिकामे बाप्ये, तमाशा बघायला. मिस्त्रीनं कोणाकडे पाहिलं नाही. त्यानं आधी तेलाच्या टाकीचा खालचा बोल्ट सैल करून काचेच्या बाटलीत तेल घेतलं आणि बाटली उन्हात खिडकीत ठेवली. तेलात पाणी असलं तर ते तळाशी वेगळं बसतं. अर्धा घंटा सगळे बाटलीकडे बघत बसलो. तळाशी काही नव्हतं. त्यानं बाटली माझ्या हातात दिली. मी ती उगीच उलटीपालटी केली.

मग नोझल. ते काढून त्यानं पंपाला बाहेरच जोडलं आणि समोर कागद धरला. पंपाची दांडी दाबली तशी तेलाची बारीक धुई कागदावर बसली, गोल आणि सारखी. थेंब एकही नाही. मागून आणलेलं नोझल लावलं, तेही तसंच. मग वॉल. मग त्यानं वॉलची दांडी सोडून हातानं चाक फिरवलं. ते अर्ध्यात जाऊन दाबानं उलटं फिरलं, म्हणजे आतला दम शाबूत होता. हवा आत घेणारी जाळी काढून फुंकली. एकेक गोष्ट झाली की तो बाजूला सरकायचा, आणि माझ्या हातून संशयाचं एकेक कारण जायचं. सकाळी मला वाटत होतं की हा आज पकडला जाणार. दुपारपर्यंत मला भीती वाटायला लागली होती. कशाची, ते मी स्वतःला विचारत नव्हतो.

शेवटी त्यानं इंजिन चालू करायला सांगितलं आणि जातं खाली सोडलं. ठसका सुरू झाला. तो पाना घेऊन मागच्या भिंतीशी गेला, जिथे धुराची नळी इंजिनाला जोडलेली होती, आणि त्या जोडाचे बोल्ट एकेक करून सैल केले. जोडाची फट उघडली तसा धूर खोलीत घुसला, माणसं खोकत बाहेर पळाली, कानठळ्या बसतील असा आवाज झाला. आणि त्या आवाजात इंजिन सरळ चालत होतं! दहावा ठोका, अकरावा, बारावा, विसावा. एकही चुकला नाही. जातं भरल्या ज्वारीवर गरगर फिरत होतं.

मिस्त्रीनं वळून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. माणूस ओळखीच्या दारी येऊन, घर चुकलं तर नाही ना, असं पाहतो, तसं पाहिलं.

त्यानं इंजिन बंद केलं, बाहेर जाऊन शिडी लावली आणि छपरावर चढला. डबा ठोकल्याचा आवाज आला. तो खाली उतरला तेव्हा त्याचा एक हात खिशात होता आणि दुसरा कोपरापर्यंत काळा होता. "काय होतं, मिस्त्री?" कोणीतरी विचारलं.

"काजळी," तो म्हणाला. "काजळीनं नळी बुजली होती. धुराले जागा नाही, त इंजिन दम कसा घेईन? तेल खाते अन् ठसकते."

म्हणजे जास्तीचं तेल इंजिननंच खाल्लं होतं. माणसं पांगली. जाताना एक जण दुसऱ्याला म्हणाला, "मंग मिस्त्रीनंच काजळी साचू देली ना. ध्यान नाही कामावर." मी ते ऐकलं. मिस्त्रीनंही ऐकलं.

सगळे गेल्यावर त्यानं खिशातून चकती काढून माझ्यापुढे धरली. मधल्या भोकाच्या कडांना काजळी चढून चढून करंगळी जाईल एवढीच वाट उरली होती.

"मी तीन खेपा इचारलं, भाऊ."

मी चकती हातात घेतली.

"धूर कोंडला हे मले पयल्याच हप्त्यात समजलं होतं. पन तुमी नाही म्हनलं. म्हनून मी शिडी लावली नाही. मालक नाही म्हनते अन् मी वर चढून पाहतो, म्हनजे मी तुमाले खोटं समजलो असं होते ना." त्यानं हात फडक्याला पुसले, पण काजळी तेलाशिवाय जात नाही. "तुमी नाही म्हनलं म्हनून मी अठरा दिवस भलतीकडंच धुंडत राह्यलो."

मला लाज वाटली. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही. मी एवढंच म्हटलं, "लोकाईले चकतीचं काहून नाही सांगितलं?"

"ते तुमचं हाय," तो म्हणाला. "पुढच्या बाजारापर्यंत थांबतो. मंग मले जाऊ द्या."

मला वाटलं, नवा माणूस मिळेपर्यंत माझी अडचण होऊ नये म्हणून थांबतोय. इतकं झाल्यावरही मी त्याच्याबद्दल चुकीचाच अंदाज केला.

त्या आठवड्यात इंजिन घड्याळासारखं चाललं. मिस्त्री वेळेवर येई, वेळेवर जाई. पिपाच्या झाकणाची किल्ली मात्र तो हातात घेईना. तेल काढायची वेळ झाली की तो बाजूला उभा राही आणि मला म्हणे, "तुमी काढा." आठवड्याच्या मध्यात गावातल्या जिनिंगचा माणूस आला. कापसाच्या हंगामात मिस्त्री दरवर्षी संध्याकाळचे चार तास तिथलं इंजिन पाही. तो माणूस दारातूनच म्हणाला, यंदा गरज नाही, दुसरा ठेवला. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि मिस्त्रीनं विचारलं नाही. माझ्याकडे बघून तो माणूस ओळखीचं हसला, जणू आम्ही दोघं मिळून काहीतरी शहाणपणाचं केलं होतं.

त्या रात्री मी ठरवलं की माफी मागायची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि तेलाच्या परवान्याबद्दल बोललो. संध्याकाळी पुन्हा उभा राहिलो आणि पट्टा ढिला झालाय का विचारलं. घरची म्हणाली, "त्याच्या घरी जा." मी मोहल्ल्याच्या तोंडापर्यंत गेलो आणि वळून आलो. माफी मागायची माझी तयारी होती. ती कोणाला ऐकू जाऊ नये, एवढीच माझी अट होती.

बाजार उजाडला. किन्हीराजाच्या गाड्या आल्या, पाच की सहा. त्याच बाया, त्याच पाट्या. ती म्हातारीही होती. ती मिस्त्रीकडे बोट दाखवून शेजारणीच्या कानाशी लागली. इंजिन जोरात चालू होतं, जातं गर्जत होतं, पिठानं हवा पांढरी झाली होती. मला ती वेळ बरी वाटली. त्या आवाजात दोन हातांवरचं बोलणं ऐकू येत नाही. मी मिस्त्रीजवळ गेलो, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणालो, "मिस्त्री, चूक माही होती. तुमी चोरी केली नाही. मले माफ करा."

त्याला ऐकू गेलं. त्यानं मान हलवली. मग तो वाकला आणि तेलाची कळ बंद केली.

मोठं चाक लगेच थांबत नाही. ते आपल्या भारानं फिरत राहिलं, पट्टा सळसळत राहिला, जात्याचा आवाज हळूहळू खाली आला, शेवटचं मूठभर पीठ पडलं. वरचा डबा दोनदा 'पुक्' करून गप्प झाला. चक्कीत एवढी शांतता झाली की बाहेरच्या बैलांचं रवंथ ऐकू येत होतं. रांगेतल्या सगळ्या बाया आमच्याकडे बघायला लागल्या. पुढच्या एकीनं विचारलं, "काय झालं? पुन्हा बिघडलं काय?"

मिस्त्री बाजूला सरकून भिंतीला टेकला.

"आता बोला, भाऊ," तो म्हणाला.

मी बोललो. माझं मलाच ऐकू आलं असेल तेवढं.

"जोरानं," तो म्हणाला. "तिकडं मांगं म्हातारी हाय. तिले कमी ऐकू येते."

मग मी, इंजिन यानं बिघडवलं नाही, तेल यानं चोरलं नाही, नळीत चकती मी ठोकली होती आणि तीनदा विचारल्यावर मी खोटं बोललो, असं सगळं पहिल्यापासून पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.